पीएसपीसाठी मराठी लाँचर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत आम्ही तिघं मित्र मिळून मॉड केलेल्या, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर बदललेल्या, जुन्या पीएसपीसाठी (सोनीचं हातात धरून खेळायचं गेम मशीन) मराठी लाँचर लिहितो. मिरज, तासगाव, पलूस, कऱ्हाड, कोरेगाव, सातारा अशा सगळीकडून व्हॉट्सॲपवर विचारणा होते आणि तेच ते प्रश्न पुन्हा येतात. निम्मे प्रश्न लाँचर टाकणाऱ्यांचे असतात, निम्मे स्वतःचा लाँचर लिहू पाहणाऱ्या मुलामुलींचे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. फाइलींची नावं या पानावर देवनागरीत लिहिली आहेत. कार्डावर ती इंग्रजी मोठ्या अक्षरांतच ठेवा.

१. लाँचर म्हणजे नेमकं काय? पीएसपीला स्वतःचा मेन्यू आहेच की.

आहे. त्याला एक्सएमबी म्हणतात: आडव्या पट्टीत सेटिंग, फोटो, गाणी, गेम, आणि प्रत्येकाखाली उभी यादी. लाँचर हा त्या गेमच्या यादीत बसणारा एक छोटा प्रोग्राम. तो उघडला की कार्डावरचे गेम शोधतो, स्वतःच्या पद्धतीने मांडतो, आणि निवडलेला गेम सुरू करून देतो. लाँचरमध्ये गेम नसतात, तो फक्त दार उघडतो. आम्ही तो लिहायला घेतला कारण माझी सात वर्षांची भाची मराठी शाळेत जाते. इंग्रजी मेन्यूत ती चित्रावरून अंदाजाने बटणं दाबायची. ‘खेळ’, ‘आवडते’, ‘मागचा खेळ पुढे’ असं लिहिलेलं दिसल्यावर तिने एकेक शब्द बोट ठेवून वाचला आणि मग कुणाला विचारलं नाही.

२. माझ्या पीएसपीवर चालेल का? मॉडेल कोणतं ते माहीत नाही.

मागच्या बाजूच्या स्टिकरवर किंवा बॅटरीचं झाकण उघडल्यावर आत मॉडेल नंबर असतो: १००० जाड, २००० आणि ३००० सडपातळ, एन१००० म्हणजे सरकती पीएसपी गो, ई१००० म्हणजे वाय-फाय नसलेली स्ट्रीट. लाँचर सगळ्यांवर चालतो, अट एकच: कस्टम फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरची बाहेरच्या लोकांनी बदललेली आवृत्ती, असलं पाहिजे. सेटिंगमधल्या सिस्टिम माहितीत ६.६० किंवा ६.६१ आणि त्यापुढे प्रो, एलएमई किंवा आर्क असं काही दिसलं तर मशीन तयार आहे. नुसतं ६.६१ दिसलं तर ते मूळ फर्मवेअर. ६.६१ हे सोनीचं शेवटचं फर्मवेअर, २०१५ मध्ये आलेलं, त्यामुळे पुढचं अपडेट येऊन सगळं मोडेल ही भीती आता उरलेली नाही.

१००० मॉडेलला एकूण मेमरी ३२ एमबी, त्यानंतरच्यांना ६४ एमबी. लिहिणाऱ्यांना हा फरक फार जाणवतो, त्याबद्दल प्रश्न १२ पाहा. गोच्या वेगळ्या अडचणी प्रश्न १६ मध्ये.

३. हे कायद्यात बसतं का? घरचे विचारतात.

घरच्यांनी विचारलंच पाहिजे. मी वकील नाही, पण कायदा वाचलाय. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५अ आलं: हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिथे हेतूला महत्त्व आहे. स्वतः लिहिलेला किंवा लेखकाने मोफत वाटलेला होमब्रू (हौशी लोकांनी घरी लिहिलेला प्रोग्राम) स्वतःच्या मशीनवर चालवणं वेगळं, आणि बाजारातला गेम उतरवून फुकट खेळणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीत आम्ही मदत करत नाही. आमच्या झिपमध्ये एकही व्यापारी गेम नाही, सोनीचा लोगो नाही, सोनीची एकही फाइल नाही. तुम्हीही लाँचर बांधाल तेव्हा ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. नंतर ती लावता येत नाही.

४. घरी कॉम्प्युटर नाही, फक्त अँड्रॉइड फोन आहे. टाकता येईल?

येईल. आमच्याकडचे निम्म्याहून जास्त लोक असंच टाकतात. पीएसपीत मेमरी स्टिक प्रो ड्युओ लागते, पण आता बहुतेक जण त्याच मापाच्या ॲडॅप्टरमध्ये मायक्रोएसडी कार्ड घालून वापरतात. आधी कार्ड पीएसपीत घालून सेटिंगमधून पीएसपीवरच फॉरमॅट करा. फोनवर फॉरमॅट करू नका: ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड फोन बहुधा एक्सफॅटमध्ये करतो, आणि पीएसपीला एक्सफॅट वाचता येत नाही, तिला फॅट३२ लागतं. फॉरमॅट केल्यावर कार्डावर ‘पीएसपी’ नावाचं फोल्डर आपोआप तयार होतं.

मग कार्ड फोनमध्ये किंवा ओटीजी रीडरला लावा, आमची झिप उघडा आणि आतलं ‘पीएसपी’ फोल्डर कार्डाच्या मुळाशी टाका. फोन ‘एकत्र करू का’ विचारेल, हो म्हणा. शेवटी मार्ग असा दिसला पाहिजे: पीएसपी, त्यात गेम, त्यात लाँचरचं फोल्डर, त्यात ईबूट.पीबीपी, म्हणजे खुद्द प्रोग्रामची फाइल.

कार्ड घेताना जरा सांभाळून. मी एका दुकानातून १२८ जीबी लिहिलेलं कार्ड स्वस्तात घेतलं होतं. ८ जीबी भरेपर्यंत झकास चाललं, त्यापुढे टाकलेली प्रत्येक फाइल उघडताना फुटायची. आठवडाभर मी लाँचरमध्ये चूक शोधत बसलो. नवं कार्ड आणलं की आधी ते पूर्ण भरून, परत वाचून तपासायचं, हे तेव्हापासून पक्कं केलंय.

५. टाकला, पण मेन्यूत दिसतच नाही. किंवा ‘करप्टेड डेटा’ येतं.

दिसत नसेल तर दहातल्या नऊ वेळा फोल्डरात फोल्डर झालेलं असतं. झिप उघडताना फोन स्वतःच्या नावाचं एक जादा फोल्डर करतो, मग ईबूट एक पायरी खोल जातं आणि एक्सएमबी तिथवर शोधत नाही. ते फोल्डर एक पायरी वर आणा.

‘करप्टेड डेटा’ची कारणं वेगळी. फाइल अर्धवट कॉपी झालेली असेल, म्हणजे कार्ड ‘इजेक्ट’ न करता ओढून काढलं. किंवा तुम्ही २००५ च्या सुमाराची सूचना वाचून दोन फोल्डरं केली असतील, एकाच्या नावापुढे टक्क्याचं चिन्ह लावलेलं. ती युक्ती फक्त फर्मवेअर १.५० साठी होती. तसंच जुन्या सूचनांमधली ‘गेम१५०’ आणि ‘गेम३एक्सएक्स’ ही फोल्डरंही आता लागत नाहीत. ६.६० आणि ६.६१ वर साधं ‘गेम’ एवढंच.

६. काल रात्रीपर्यंत चालत होता, सकाळी ८००२०१४८ एरर. काय झालं?

काल रात्री पीएसपी पूर्ण बंद केलीत, म्हणून. काही मशीनवर कस्टम फर्मवेअर कायमचं बसत नाही, पूर्ण बंद केलं की जातं. सकाळी मशीन मूळ फर्मवेअरवर उठतं, लाँचर यादीत दिसतो, पण त्यावर सोनीची सही नसल्यामुळे मशीन त्याला हात लावत नाही, आणि हा आकडा येतो. तुमच्या फर्मवेअरसोबत आलेला सुरू करायचा प्रोग्राम एकदा चालवा, मग लाँचर उघडेल. रोजचा त्रास नको असेल तर पॉवरचा खटका क्षणभर वर ढकलून सोडा, म्हणजे मशीन झोपतं, बंद होत नाही. ६.६१ वर फर्मवेअर कायमचं करायची ‘इन्फिनिटी’ नावाची सोयही आहे, पण ते करताना बॅटरी भरलेली असू द्या आणि चार्जर लावलेलाच ठेवा. मध्येच वीज गेली तर मशीन जाऊ शकतं.

७. मला स्वतःचा लाँचर लिहायचाय. सुरुवात कुठून करू?

सी भाषा येत असेल तर आजच करू शकता. पीएसपीडेव्ह नावाचा मोफत टूलचेन आहे, त्यात कंपाइलर आणि पीएसपीएसडीके (पीएसपीसाठी लिहायला लागणाऱ्या लायब्ररी) दोन्ही येतात. लिनक्सवर सरळ बसतो, विंडोजवर आतल्या लिनक्समध्ये बसवा. सी येत नसेल तर आधी दोन महिने नुसती सी करा. डिप्लोमा-इंजिनिअरिंगची पोरं पहिल्याच वर्षी ती शिकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तिला इथे खरा उपयोग आहे.

मशीन हाताशी नसेल तर पीपीएसएसपीपी या एम्युलेटरवर, म्हणजे पीएसपीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, स्क्रीन, बटणं, चित्रं तपासता येतात. मात्र एक्सएमबी आणि कस्टम फर्मवेअरची खास कामं तिथे नसतात, त्यामुळे ‘दुसरा गेम सुरू करणं’ हा लाँचरचा जीवच तिथे तपासता येत नाही. लोकांना देण्याआधी खऱ्या मशीनवर, शक्यतो १००० वर, चालवून बघाच.

एक गोष्ट मुळातच बरोबर धरा: मुख्य प्रोग्राम यूझर मोडचा (मर्यादित अधिकारांचा) आणि पीआरएक्स (मेमरीत कुठेही बसू शकणारं मॉड्यूल) म्हणून बांधलेला हवा. १.५० च्या काळातली कर्नल मोडची (सिस्टिमचे पूर्ण अधिकार घेणारी) उदाहरणं जशीच्या तशी उतरवली तर आजच्या फर्मवेअरवर ती उभीच राहत नाहीत.

८. ईबूट.पीबीपीच्या आत असतं काय?

हा एक डबा आहे, आणि फार सोपा डबा आहे. सुरुवातीला ४० बाइटचं हेडर: ४ बाइट ओळखखूण, ४ बाइट आवृत्ती, आणि पुढे ८ आकडे, प्रत्येकी ४ बाइटचे. ते आठ आकडे आतल्या आठ वस्तू कुठून सुरू होतात ते सांगतात. क्रम ठरलेला आहे: पॅरम.एसएफओ (नाव आणि माहिती), आयकॉन०.पीएनजी, हलता आयकॉन, पिक०.पीएनजी, पिक१.पीएनजी (मागचं मोठं चित्र), एसएनडी०.एटी३ (आवाज), डेटा.पीएसपी (खुद्द प्रोग्राम) आणि शेवटी डेटा.पीएसएआर. एखादी वस्तू नसेल तर तिची जागा रिकामी ठेवायची, क्रम बदलायचा नाही.

मेकफाइलमध्ये (प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणारी फाइल) नाव, आयकॉन आणि मागचं चित्र कोणतं ते लिहिलं की हा डबा आपोआप भरला जातो. तरी एकदा हेक्स एडिटरमध्ये स्वतःचा ईबूट उघडून ते आठ आकडे हाताने मोजा. अर्धा तास लागतो. प्रश्न १२ मधली युक्ती त्यानंतर लगेच कळते.

९. आयकॉनचं माप काय ठेवू?

आयकॉन०: १४४ गुणिले ८०. पिक०: ३१० गुणिले १८०. पिक१: ४८० गुणिले २७२, म्हणजे अख्खा स्क्रीन. सगळ्या पीएनजी. पिक१ फार भडक करू नका, त्यावर एक्सएमबीची पांढरी अक्षरं येतात.

१०. लाँचरचं नाव मराठीत दिलं, पण एक्सएमबीत ते नीट येत नाही.

येणारच नाही. पीएसपीच्या आत लॅटिन, जपानी, कोरियन असे फाँट आहेत, देवनागरी नाही. तुमच्या कोडमध्ये चूक नाही, मशीनकडे ती अक्षरंच नाहीत. म्हणून पॅरम.एसएफओमधलं नाव इंग्रजी अक्षरांत द्या आणि मराठी नाव आयकॉनच्या चित्रात लिहा. लोक वाचतात ते आयकॉनच.

आयकॉनवर जागा थोडी असते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा आणि खाली उकार लागतो, त्यामुळे ८० पिक्सेलच्या उंचीत दोनच ओळी सुखाने बसतात. तीन बसवल्या की ‘कु’ आणि ‘के’ एकमेकांत घुसतात. आम्ही एकच शब्द मोठा लिहितो.

फोल्डरचं नावही इंग्रजीतच ठेवा. आणि कुणी तरीही पॅरम.एसएफओमध्ये मराठी भरणार असेल तर लक्षात घ्या, त्या नावाला १२८ बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. नुसतं ‘कऱ्हाड’ १८ बाइट होतं.

११. लाँचरच्या आत मराठी लिहिलं तर वेलांट्या चुकीच्या जागी जातात, जोडाक्षरं फुटतात. उपाय?

आमचा सगळ्यात जास्त वेळ यात गेलाय, म्हणून सविस्तर सांगतो.

कॉम्प्युटर ‘मिरज’ साठवतो तो उच्चाराच्या क्रमाने: म, वेलांटी, र, ज. कागदावर मात्र आपण वेलांटी म च्या आधी काढतो. पीएसपीवरची साधी फाँट लायब्ररी हे जाणत नाही. ती अक्षरं आली तशी ओळीने मांडते, म्हणजे वेलांटी म च्या नंतर, र च्या पुढ्यात येते. वाचणारा वाचतो ‘मरिज’.

आमच्या पहिल्या आवृत्तीत नेमकं हेच झालं. आम्ही चाचणीसाठी शब्द घेतले होते ‘सांगली’ आणि ‘सातारा’. या दोन्ही शब्दांत ना ऱ्हस्व वेलांटी, ना जोडाक्षर. काना, अनुस्वार, दीर्घ वेलांटी सगळं साठवलेल्या क्रमानेच मांडलं जातं, त्यामुळे दोन्ही शब्द अगदी बरोबर दिसत होते. दोन आठवडे आम्ही तिघांनी ते पाहून पास केलं. मग मिरजेच्या एका मुलाने स्क्रीनचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: ‘दादा, आमच्या गावाचं नाव चुकलंय.’ तो फोटो आजही माझ्या टेबलासमोर लावलेला आहे.

तेव्हापासून आमचे चाचणीचे शब्द ठरलेले आहेत. ‘मिरज’ वेलांटीसाठी. ‘कऱ्हाड’ त्या अर्ध्या ऱ साठी, जो हिंदीपुरता विचार केलेल्या फाँटमध्ये हटकून फुटतो. ‘कृष्णा’, कारण त्यात ऋकारही आहे आणि ष्ण पण. ‘महाबळेश्वर’ मधला श्व. आणि रफारासाठी ‘दर्गा’. ही पाच नावं बरोबर आली तर बाकीचं बहुधा येतं.

उपाय आम्ही असा केला: पीएसपीला मराठी जुळवायला लावायचंच नाही. मेन्यूतले शब्द मोजके असतात, आमच्याकडे चाळीसेक आहेत. ते सगळे कॉम्प्युटरवर आधीच चित्र करून ठेवायचे आणि पीएसपीवर फक्त ते चित्र दाखवायचं. पायथनची पिलो लायब्ररी यासाठी पुरते, पण ती राक्म या जोडणीसह बसवलेली हवी, नाहीतर तिथेही ‘मरिज’च येतं. सगळे शब्द एकाच ५१२ गुणिले ५१२ च्या चित्रात ओळीने लावा. पीएसपीची ग्राफिक चिप यापेक्षा मोठं टेक्श्चर (तिला दाखवायला दिलेलं चित्र) घेत नाही. कोणता शब्द कुठे आहे त्याची यादी वेगळ्या छोट्या फाइलमध्ये.

फाँट आम्ही ‘मुक्त’ या नावाचा वापरतो. तो ओपन फाँट परवान्याखाली मोफत मिळतो. चित्र करताना भाषा ‘मराठी’ अशी सांगा. तसं सांगितलं की ज्या फाँटमध्ये सोय असते तो आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ देतो. न सांगता बहुतेक फाँट दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ काढतात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी हीच पाकळीची आणि देठाची रूपं आहेत, आणि शाळेतलं मूल तीच गिरवतं. ‘खेळ’ वाचून थांबणारं मूल ‘लाँचर’ आणि ‘शोधा’ वाचताना अडखळू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

गेमची नावं बाहेरून येतात, ती चित्रात आधी करता येत नाहीत. पण ती जवळजवळ नेहमीच इंग्रजीत असतात, तिथे मशीनचा लॅटिन फाँट चालतो. घड्याळ, बॅटरीची टक्केवारी यांसाठी देवनागरीचे दहा अंक वेगवेगळे काढून ठेवा.

१२. वीस गेमपर्यंत ठीक चालतो. दीडशे टाकले की उघडायलाच मिनिट लागतो, मग अडकतो.

दोन वेगळी दुखणी आहेत.

उशीर होतो तो वाचनामुळे. तुमचा कोड बहुधा प्रत्येक ईबूट पूर्ण वाचतो. काही ईबूट शेकडो एमबींचे असतात, आणि मेमरी स्टिकचा वेग बेताचा. तुम्हाला हवं फक्त नाव आणि आयकॉन. आधी ४० बाइटचं हेडर वाचा, त्यातून दोन वस्तूंच्या जागा काढा (प्रश्न ८), थेट तिथे उडी मारा आणि तेवढंच वाचा. सापडलेली नावं एका फाइलमध्ये साठवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी यादी क्षणात उघडेल आणि फक्त नवी फोल्डरं तपासावी लागतील.

अडकणं येतं मेमरीमुळे. टेक्श्चरची बाजू दोनाच्या घातात लागते, म्हणून १४४ गुणिले ८० चा आयकॉन मेमरीत २५६ गुणिले १२८ होऊन बसतो. पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक आयकॉन १२८ केबी. दीडशे आयकॉन म्हणजे १९,२०० केबी, जवळजवळ १९ एमबी. १००० मॉडेलवर प्रोग्रामला एकूण मिळतात २४ एमबीच्या आसपास. तेव्हा फक्त स्क्रीनवर दिसणारे आणि त्याच्या मागचे-पुढचे चारदोन आयकॉन मेमरीत ठेवा, बाकीचे सोडून द्या. पिक्सेलला २ बाइटचा रंग वापरला तर खर्च निम्मा होतो आणि इतक्या छोट्या चित्रात डोळ्याला फरक कळत नाही.

२००० आणि पुढच्या मॉडेलवर जादा मेमरी मागता येते. मेकफाइलमधली एक ओळ पुरते. पण आमचा सल्ला: मागू नका. आपल्याकडे सेकंडहँड फिरणाऱ्या मशीनमध्ये १००० भरपूर आहेत, आणि २४ एमबीत बसणारा लाँचर सगळीकडे चालतो.

१३. ‘आवडते’मध्ये एक होमब्रू टाकला की सगळ्याच होमब्रूंवर तारा येतो.

तुम्ही खेळाची ओळख डिस्क क्रमांकावरून धरलीत. व्यापारी गेमचा तो वेगळा असतो, पण पीएसपीएसडीके न सांगता सगळ्या होमब्रूंना एकच ठरीव क्रमांक देतं, यूसीजेएस१००४१. बहुतेक लेखक तो बदलत नाहीत, म्हणून लाँचरला ते सगळे एकच वाटतात. ओळख फोल्डरच्या मार्गावरून धरा. आणि स्वतःच्या लाँचरला वेगळा क्रमांक द्यायला विसरू नका.

याच पॅरम.एसएफओमध्ये प्रकारही लिहिलेला असतो. होमब्रूला एमजी, डाउनलोड गेमला ईजी, जुन्या प्लेस्टेशनच्या गेमला एमई. कप्पे पाडायला तो चांगला. एमई सुरू करण्याची पद्धत वेगळी आहे, सरसकट एकाच पद्धतीने सगळे उघडायला गेलात तर ते काळ्या स्क्रीनवर थांबतील.

१४. गेम बंद केल्यावर परत लाँचरमध्ये यायला हवं, पण एक्सएमबी येतं.

कारण पीएसपीवर ‘बाहेर पड’ याचा अर्थच ‘एक्सएमबीवर जा’ असा आहे, आणि एका वेळी एकच प्रोग्राम मेमरीत असतो. गेम सुरू झाला तेव्हाच तुमचा लाँचर पुसला गेला. तुम्ही स्वतः लिहिलेल्या होमब्रूत बाहेर पडण्याच्या जागी लाँचरचा ईबूट सुरू करा, मग फेरी पूर्ण होते. दुसऱ्यांच्या गेममध्ये हे तुमच्या हातात नाही. तिथे निदान एवढं करा: लाँचरने जाताना शेवटची जागा लिहून ठेवावी आणि परत उघडल्यावर त्याच गेमवर उभं राहावं.

१५. मशीन चालू केल्या केल्या थेट लाँचर उघडता येईल का?

एम३३ या जुन्या कस्टम फर्मवेअरच्या काळापासून ही सोय आहे. तिथे गेम फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरात ईबूट ठेवून रिकव्हरी मेन्यूतून चालू करायची. आर्क-४ मध्येही लाँचर आपोआप उघडायचं सेटिंग आहे. एक खबरदारी: लाँचर बिघडला तर बाहेर यायचा रस्ता माहीत हवा. आर बटण दाबून धरून मशीन चालू केलं की रिकव्हरी मेन्यू येतो, तिथून ते बंद करा. ही ओळ तुमच्या माहितीच्या फाइलमध्ये अगदी वर लिहा.

१६. पीएसपी गोवर लाँचर उघडतो, पण ‘एकही खेळ नाही’ म्हणतो.

कोडमध्ये तुम्ही ‘एमएस०’ असा मार्ग ठोकून लिहिलाय. गोमध्ये १६ जीबीची आतली जागा आहे आणि तिचं नाव ‘ईएफ०’. ‘एमएस०’ म्हणजे बाजूला घातलेलं छोटं एम२ कार्ड, जे बहुतेकांकडे नसतंच. लाँचर सुरू होताना मुख्य फंक्शनला पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये स्वतःचा पूर्ण मार्ग मिळतो. त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखा, शोध तिथून सुरू करा, आणि दुसरी जागा असेल तर तीही पाहा.

१७. माझ्या मशीनवर ‘निवडा’ गोलाला आणि ‘मागे’ फुलीला आहे. लाँचरमध्ये उलटं.

तुमची जपानी पीएसपी आहे. तिकडे गोल म्हणजे हो. लाँचरने मशीनचं बटण-सेटिंग वाचून त्याप्रमाणे वागावं. ते जमेपर्यंत स्वतःच्या सेटिंगमध्ये अदलाबदलीची सोय द्या, आणि स्क्रीनखाली कोणतं बटण कशाला ते कायम दाखवा.

१८. प्लेस्टेशन व्हिटावर चालेल?

(इथे व्हिटा म्हणजे कन्सोल, खानापूर तालुक्यातल्या विट्याहूनही प्रश्न येतात, म्हणून खुलासा.) ॲड्रेनलीन (व्हिटावर पीएसपीचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलेल्या व्हिटावर हाच ईबूट चालतो, फक्त तो ‘पीएसपीईएमयू’ फोल्डराच्या आतल्या पीएसपी, गेम या मार्गावर ठेवायचा. व्हिटाचा स्वतंत्र लाँचर हवा असेल तर ते पूर्ण वेगळं पॅकेज आहे, व्हीपीके. त्यात चित्रं ८ बिट रंगाची, ठरलेल्या मापाचीच लागतात. आयकॉन १२८ गुणिले १२८. साधी २४ किंवा ३२ बिटची पीएनजी घातली की इन्स्टॉल शेवटच्या टप्प्यावर एरर देऊन थांबतं आणि कारण सांगत नाही.

१९. लाँचरसोबत दोनचार चांगले होमब्रू गेमही झिपमध्ये घालू का? लोकांना सोयीचं होईल.

परवाना वाचा, मग घाला. एमआयटीसारखा मोकळा परवाना असेल तर लेखकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. जीपीएल असेल तर सोर्स कोडही उपलब्ध करून द्यावा लागतो. परवाना लिहिलेलाच नसेल तर त्याचा अर्थ ‘परवानगी नाही’ असा घ्या आणि लेखकाला लिहा. आम्ही तिघांना लिहिलं होतं, दोघांनी दोन दिवसांत आनंदाने हो म्हटलं.

२०. एक दुकानदार तुमचा लाँचर टाकून पीएसपी विकतो. तुमचीच शाखा का?

नाही. आमची कुठेही शाखा नाही आणि लाँचर विकत मिळत नाही. एका दुकानाने आमची झिप घेऊन त्यात बाजारातले पन्नासेक गेम भरले आणि स्क्रीनवर आमचं नाव तसंच ठेवलं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आमच्याकडे आलं तेव्हा कळलं. आम्ही त्या दुकानात जाऊन बोललो. ज्यांना मूळ पॅकेज हवं त्यांच्यासाठी सूचना: आमच्या झिपमध्ये ‘आयएसओ’ नावाचं (डिस्कवरच्या गेमच्या प्रती ठेवायचं) फोल्डर कधीच नसतं, आणि ती ५ एमबीच्या आत असते. जुनी मशीन दुरुस्त करून विकणाऱ्यांनी लाँचर तसाच, काही न भरता, मोफत टाकून दिला तर आम्हाला आनंदच आहे.

२१. सोर्स कोड कुठे ठेवता?

गिटवर, आणि दोन वेगळ्या गावांत दोन हार्ड डिस्कवर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्यातल्या एकाच्या घरात तळमजल्यावर पाणी आलं आणि पहिल्या दोन आवृत्त्यांचा कोड असलेली एकुलती डिस्क गेली. ते काम आम्ही आठवून पुन्हा लिहिलं. कृष्णाकाठी राहणाऱ्याने एक प्रत तरी नदीपासून लांब ठेवावी.

२२. नवी आवृत्ती टाकली की पोराची ‘आवडते’ यादी पुसली जाते.

ही चूक पॅकेज बांधणाऱ्याची, टाकणाऱ्याची नाही. झिप बांधताना तुमच्या स्वतःच्या चाचणीतली सेटिंगची फाइल आत राहिली, आणि ती पोराच्या फाइलवर जाऊन बसली. झिपमध्ये सेटिंगची फाइल ठेवूच नका. लाँचरने पहिल्यांदा उघडल्यावर ती स्वतः तयार करावी, आणि आधीची सापडली तर तीच वाचावी. फाइलीच्या पहिल्या ओळीत आवृत्तीचा आकडा लिहा, म्हणजे पुढे रचना बदलली तरी जुनी यादी नव्यात आणता येते. झिप प्रसिद्ध करण्याआधी आम्ही ती कोऱ्या कार्डावर एकदा, आणि भाचीच्या जुन्या यादीच्या प्रतीवर एकदा, अशी दोनदा टाकून बघतो. ज्यांची यादी आमच्या १.३ आवृत्तीने पुसली त्यांनी कार्डावर नवं काही न टाकता आम्हाला कळवा. फाइल बहुतेक वेळा परत काढता येते.